मेंदू, आपलं वागणं आणि बाहेरचे परिणाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मानसशास्त्र शिकवते, डॉक्टर नाहीये, हे आधीच सांगून ठेवते. खालचे प्रश्न लोकांनी वर्गात, प्रवासात आणि एकदा तर दाताच्या दवाखान्यात मी तोंड उघडं ठेवून खुर्चीत पडलेली असताना विचारलेले आहेत, तिथे उत्तर देता आलं नाही म्हणून पण हे पान.

वागणं ठरवतो कोण, मी की माझा मेंदू?

हा प्रश्न असा विचारतात जसं काही मेंदू म्हणजे वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आणि आपण खाली राहतोय. मेंदू जे करतो त्यालाच आपण "मी" म्हणतो, दोघांची भांडणं लावण्यात अर्थ नाही.

वजन साधारण १.३ ते १.४ किलो, म्हणजे शरीराच्या २ टक्के, पण आपण नुसते पडून असलो तरी एकूण ऊर्जेतली २० टक्क्यांच्या आसपास हा एकटा खातो. एवढा खर्चिक अवयव दिवसभर करतो तरी काय? मला पटलेलं उत्तर एका शब्दाचं आहे, अंदाज. पुढच्या क्षणी काय होणार याचा. अंधारात जिना उतरताना पायऱ्या संपलेल्या असतात पण अजून एक आहे असं वाटतं आणि पाय धाडकन जमिनीवर आपटतो, सगळ्या अंगाला हिसका बसतो, तो हिसका म्हणजे चुकलेला अंदाज. पायाला आधीच निरोप गेलेला होता की जमीन इतक्या खाली लागणार आहे. असे हजारो अंदाज रोज बरोबर येतात म्हणून आपल्याला ते कळतही नाहीत.

त्यामुळे बाहेरून जे काही येतं ते कोऱ्या पाटीवर उमटत नाही, मेंदूकडे मसुदा आधीच तयार असतो आणि बाहेरचं येऊन त्यात खाडाखोड करतं. खाली हीच गोष्ट फिरून फिरून येणार आहे, कंटाळा आला तर माझा नाइलाज आहे.

आपण मेंदूचा फक्त १० टक्के भाग वापरतो ना?

नाही. सगळा वापरतो. एका छोट्याशा जागेचा रक्तपुरवठा तुटला तरी माणसाचं बोलणं जातं नाहीतर हात लुळा पडतो, ९० टक्के जागा रिकामी असती तर बहुतेक स्ट्रोक कळलेसुद्धा नसते.

मेंदूत १०० अब्ज पेशी असतात हे तरी खरं?

कित्येक वर्षं पुस्तकांत हाच आकडा छापला जायचा आणि तो नक्की कुठून आला हे कोणालाच धड सांगता यायचं नाही. मग ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हूझेल यांनी एक भन्नाट पद्धत काढली, मेंदूचे तुकडे विरघळवून चक्क सूप करायचं, त्यात पेशींची केंद्रकं तरंगत राहतात, ती सगळीकडे सारखी पसरली की थोड्याशा सूपमधली मोजायची आणि हिशोब करायचा. २००९ साली माणसाच्या मेंदूचा आकडा आला, साधारण ८६ अब्ज न्यूरॉन, म्हणजे निरोपांची देवाणघेवाण करणाऱ्या मेंदूपेशी. मजा म्हणजे त्यातले बहुतेक, साधारण ६९ अब्ज, मागच्या बाजूच्या छोट्या मेंदूत असतात, ज्याला आपण शाळेत "अनुमस्तिष्क, तोल सांभाळतो" एवढं एका ओळीत उरकलं होतं.

स्वभाव मेंदूत नक्की कुठे असतो?

एका जागी बोट ठेवून दाखवता येत नाही, पण कपाळामागचा भाग बिघडला की स्वभाव बिघडू शकतो हे मात्र जुनं माहिती आहे. फिनिअस गेजची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतलं व्हरमाँट राज्य, रेल्वेसाठी खडक फोडायचं काम, सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि एक मीटरपेक्षा लांब, सहा किलोची लोखंडी पहार त्याच्या गालाखालून शिरून डोक्यातून बाहेर पडली. माणूस जगला, बोलत होता, चालत होता. पण आधी शांत आणि जबाबदार असलेला हा मुकादम नंतर शिवराळ, हट्टी, एक ठरवून लगेच दुसरंच करणारा झाला असं त्याच्या डॉक्टरांनी, जॉन हार्लो यांनी, लिहून ठेवलं.

लोक गोष्ट इथे थांबवतात आणि मला तेच खटकतं. पुढे हा गेज चिलीमध्ये गेला आणि तिथे काही वर्षं घोडागाडी हाकायचा, म्हणजे पहाटे उठणं, घोडे सांभाळणं, प्रवाशांशी नीट बोलणं, रस्ता लक्षात ठेवणं, सगळं आलं. कायमचा वाया गेलेला माणूस हे करू शकला असता का? अभ्यासक आता म्हणतात की रोजच्या ठरलेल्या कामाने त्याला बरंच सावरलं असावं. मेंदूला लागलेला मार आणि बाहेरची शिस्त, दोन्ही एकाच माणसाच्या वागण्यात दिसतात.

मी राइट ब्रेन आहे की लेफ्ट ब्रेन?

दोन्ही आहात, अभिनंदन. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या लोकांनी हजारहून जास्त मेंदूंचे स्कॅन तपासले, एकच बाजू जास्त वापरणारी माणसं अशी काही जात सापडली नाही. भाषेचं काम बहुतेकांत डावीकडे जास्त चालतं वगैरे खरं आहे, पण त्यावरून कोणी कलाकार आणि कोणी हिशोबी ठरत नाही.

या गैरसमजाचं मूळ ज्या प्रयोगांत आहे ते मात्र जबरदस्त आहेत. फिट्सचा त्रास फारच असलेल्या काही पेशंटांच्या मेंदूच्या दोन बाजू जोडणारा जाड पट्टा ऑपरेशनने कापायचे. रॉजर स्पेरी आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल गझानिगा यांनी अशा लोकांवर प्रयोग केले, स्पेरींना १९८१ साली नोबेल मिळालं. गझानिगांचा नंतरचा एक प्रयोग मी दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी मला स्वतःलाच गार वाटतं. पेशंटच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्या मेंदूला बर्फात बुडालेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्या हाताने फावडं (डावा हात उजवा मेंदू चालवतो आणि उजवा हात डावा). बरोबरच आहे, बर्फ उपसायला फावडं. पण बोलणारा डावा मेंदू, त्याने बर्फ पाहिलेलाच नाही! विचारलं फावडं का, तर पेशंट न अडखळता म्हणाला की कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की.

तो खोटं बोलत नव्हता हो. त्याला खरंच तसं वाटलं. हात आधी हलला, कारण मागाहून तयार झालं, आणि ते इतकं झटकन की मधला सांधा त्याला स्वतःलाच दिसला नाही. आता आपला पट्टा शाबूत आहे म्हणून आपण यातून सुटलो असं मला तरी वाटत नाही. सकाळी कोणावर तरी खेकसल्यावर "तो बोललाच तसा" हे कारण तुम्ही खेकसायच्या आधी शोधलं होतं की नंतर?

राग आला किंवा घाबरलो की डोकंच चालत नाही, असं का?

धोका वाटला की अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग झपाट्याने कामाला लागतो, छाती धडधडते, अॅड्रेनॅलिन आणि थोड्या वेळाने कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स वाढतात, आणि शांतपणे तोलूनमापून बघणारा कपाळामागचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, त्या वेळेपुरता ढिला पडतो. समोर साप असेल तर हे उत्तमच, विचार करत कोण बसेल. पण मेंदू साहेबांच्या ईमेलला पण जवळपास तीच वागणूक देतो, आणि ईमेलपासून पळून जाता येत नाही.

अमिग्डाला म्हणजे भीतीचं बटण असं मात्र समजू नका. एस. एम. या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका बाईचा अमिग्डाला दुर्मिळ आजाराने दोन्ही बाजूंनी नष्ट झालाय, ती दुकानातले साप हातात घेऊन खेळवायची, कशाची भीती म्हणून नाही. पण कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा मास्कमधून दिल्यावर तीच बाई घाबरून मास्क ओढायला लागली. बाहेरून येणारी भीती आणि शरीराच्या आतून येणारी भीती, वाटा वेगवेगळ्या निघाल्या.

डोपामिन म्हणजे आनंदाचं केमिकल ना? मग फोनमुळे डोपामिन वाढतं म्हणून सवय लागते?

अर्धं बरोबर. आणि अर्धं बरोबर असलेली गोष्टच जास्त पसरते.

वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचं रेकॉर्डिंग केलं. अचानक फळाचा रस मिळाला की पेशी जोरात पेटायच्या. मग आधी एक दिवा लावायचा आणि थोड्या वेळाने रस द्यायचा, असं पुन्हा पुन्हा केलं, तर काही दिवसांनी पेशी दिव्यालाच पेटायला लागल्या आणि रस आल्यावर ढिम्म. आणि दिवा लावून रस दिलाच नाही तर बरोबर ज्या क्षणी रस यायला हवा होता त्या क्षणी त्यांची नेहमीची टिकटिक पण मंदावायची. म्हणजे ह्या पेशी आनंद मोजत नव्हत्या, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की कमी मिळालं ते मोजत होत्या. पुन्हा तोच अंदाज.

केंट बेरिज यांनी तर हवंसं वाटणं आणि आवडणं हे मेंदूत वेगळंच असतं हे उंदरांवर दाखवलं, डोपामिन जवळजवळ पूर्ण काढून टाकलं तरी तोंडात गोड पडल्यावर उंदीर जिभल्या चाटतच होते, फक्त उठून ते मिळवायला जात नव्हते. फोनचं हेच आहे, रात्री एक वाजता स्क्रोल करताना मजा येते असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगू शकता का? मला तरी नाही येत. तरी अंगठा चालूच. कारण पुढचं काहीतरी भारी असेल की भंकस असेल हे माहिती नसतं, आणि बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी सगळ्यात चिकाटीने बटण दाबत राहतो, हे स्किनर यांनी फोन यायच्या कितीतरी आधी कबुतरांवर दाखवून ठेवलंय.

अजून एक उदाहरण, हे जास्त गंभीर. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, डोपामिनची नक्कल करणारी काही औषधं देतात आणि त्यातल्या काही पेशंटांना जुगाराचा किंवा बेफाम खरेदीचा नाद लागतो, आयुष्यात कधी पत्त्याला हात न लावलेली माणसं. डॉक्टर औषध कमी करतात किंवा बदलतात आणि बऱ्याच जणांत तो नाद ओसरतो. घरच्यांनी तोवर त्या माणसाला काय काय बोलून घेतलेलं असतं. (औषध मनाने बंद करायचं नाही, डॉक्टरांनाच विचारायचं.)

२१ दिवसांत सवय लागते का?

हा आकडा एका प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणावरून आलाय, पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस जातात असं त्याने १९६० साली लिहिलं, पुढे "निदान" गळून पडलं आणि चेहरा पण गळून पडला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, २०१० मध्ये छापून आला, त्यात एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागायला साधारण ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाचा हिशोब २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी प्यायची सवय पटकन लागते, व्यायामाची रखडते. चांगली बातमी म्हणजे मधे एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडलं नाही, तेव्हा "आज राहिलं, आता सोमवारपासून" ही पळवाट आहे.

माझं स्वतःचं सांगते. मी किचनमधला कचऱ्याचा डबा ओट्याच्या डाव्या बाजूचा उजव्या बाजूला ठेवला. मीच ठेवला, कोणी मला न सांगता केलं असंही नाही. पुढचे दोन आठवडे मी डावीकडे फरशीवर कचरा टाकत होते, आणि प्रत्येक वेळी हातातून सुटल्यावर कळायचं. डोक्याला माहिती होतं, हाताला नव्हतं. सवयींचं बरंचसं काम मेंदूच्या आतल्या खोल भागात, बेसल गँग्लियामध्ये, चालतं आणि त्या भागाला तुमचं "मला माहितीये" ऐकू जात नाही.

माहिती असणं आणि करता येणं किती वेगळं आहे याचं टोकाचं उदाहरण म्हणजे हेन्री मोलेसन. १९५३ मध्ये फिट्ससाठी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी तयार करणारा भाग, बराचसा काढला आणि त्यानंतर त्याला नवीन काही लक्षातच राहीना. ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तिसऱ्या दिवसापर्यंत त्याचा हात चांगलाच बसला, आणि दर वेळी तो समजायचा की हे आपण पहिल्यांदाच करतोय.

म्हणून सवय मोडायची तर स्वतःला झापण्यापेक्षा जागा बदला असं मी सांगते, फोन दुसऱ्या खोलीत, बूट दाराशी. हे ऐकायला फारच साधं वाटतं, लोकांना काहीतरी मोठं टेक्निक हवं असतं, पण मेंदूचा अंदाज जागेला, वेळेला, समोर दिसणाऱ्या वस्तूला चिकटलेला असतो. जागा हलली की अंदाज अडखळतो आणि तेवढ्या फटीतून तुम्हाला आत शिरता येतं.

आजूबाजूच्या लोकांचा आपल्या वागण्यावर किती परिणाम होतो?

मानतो त्यापेक्षा जास्त, पण प्रयोगांच्या गोष्टी सांगताना लोक मीठमसाला लावतात तेवढाही नाही. १९५० च्या दशकात सॉलोमन अॅश यांनी रेघांचा प्रयोग केला, तीनपैकी कुठली रेघ समोरच्या रेघेएवढी, लहान मूलही सांगेल. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच फितवलेले, ते बिनदिक्कत चुकीचं उत्तर द्यायचे. खऱ्या माणसाचं उत्तर साधारण एक तृतीयांश वेळा गर्दीप्रमाणे चुकलं, आणि चारपैकी तीन जण निदान एकदा तरी गर्दीबरोबर गेले.

आता याच आकड्यांची दुसरी बाजू बघा, दोन तृतीयांश वेळा लोक ठाम राहिले. आणि खोलीत फक्त एक जण बरोबर उत्तर देणारा ठेवला की गर्दीचा जोर एकदम उतरला. फक्त एक. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावत असताना कोणीतरी एकाने "मला नाही पटत" म्हटल्यावर अजून तिघांना कंठ फुटतो, ते हेच.

जाहिराती आपल्या नकळत मेंदूला काही सांगतात का? लपवलेले संदेश वगैरे?

१९५७ साली जेम्स व्हिकरी नावाच्या मार्केटिंगवाल्याने जाहीर केलं की थिएटरच्या पडद्यावर डोळ्याला कळणार नाही इतक्या कमी वेळ संदेश दाखवून त्याने पॉपकॉर्न आणि कोकाकोलाची विक्री वाढवली. प्रचंड घबराट झाली. काही वर्षांनी त्यानेच कबूल केलं की त्याच्याकडे सांगण्यासारखा डेटाच नव्हता. पण अफवा अजून जिवंत आहे.

उघड दिसणाऱ्या जाहिरातीच खरं काम करतात आणि त्यांना लपायची गरजच नाही. एकच नाव वीस वेळा समोर आलं की ते ओळखीचं वाटतं आणि मेंदूला ओळखीचं म्हणजे बहुधा सुरक्षित. दुकानात उभं राहून दहा डब्यांतून तुम्ही तोच उचलता आणि वर सांगता की क्वालिटी चांगली असते. खुराड्याचं फावडं आठवलं का?

लहानपणी जे झालं त्याचा परिणाम कायमचा असतो?

काही गोष्टींची वेळ ठरलेली असते. ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला, नंतर उघडल्यावर डोळा ठणठणीत होता पण मेंदूने त्याची जागा दुसऱ्या डोळ्याला देऊन टाकलेली होती. मोठ्या मांजरावर तसं होत नाही. लहान मुलांचा तिरळेपणा किंवा मोतीबिंदू लवकर बघा असं डॉक्टर कळवळून सांगतात ते याचमुळे.

भावनांच्या बाबतीत सगळ्यात ठोस काम रोमानियातलं. तिथल्या अनाथालयांत मुलांना खायला मिळायचं, पण कडेवर घेणारं, बोलणारं कोणी नाही. २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात १३६ मुलं होती, त्यातली निम्मी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून चांगल्या सांभाळणाऱ्या घरांत ठेवली. त्या मुलांची बुद्धी, जिव्हाळा, मेंदूच्या लहरी, बरंच काही सुधारलं, आणि साधारण दोन वर्षांच्या आत घरी गेलेल्यांचं जास्त. उशिरा गेलेल्यांचं काहीच सुधारलं नाही असं मात्र नाही, हे महत्त्वाचं आहे कारण आईबाप मला रडवेल्या आवाजात विचारतात की पहिल्या वर्षी मी कामावर जात होते तर काही नुकसान झालं असेल का. अहो, संध्याकाळी घरी येऊन मुलाला जवळ घेणाऱ्या आईची आणि त्या अनाथालयाची तुलनाच होत नाही.

मोठेपणी मेंदू बदलतो का? की आता उशीर झाला?

बदलतो. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना शहरातले साधारण २५,००० रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते, तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर यांना २००० साली या टॅक्सीवाल्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग मोठा दिसला. लगेच शंका आली, की मुळात ज्यांचा तो भाग मोठा तेच टॅक्सीवाले होत असतील? म्हणून त्यांनी शिकाऊ ७९ जण सुरुवातीपासून धरले, ३९ पास झाले, आणि वाढ फक्त पास झालेल्यांतच दिसली. मला आवडतं ते हे, की बाईंनी आधीच्या यशावर न थांबता स्वतःच शंका काढून दहा वर्षं घालवली.

वयाप्रमाणे वेग कमी होतो, ते मान्य. मला नवीन कीबोर्डचा लेआउट अजून जमलेला नाही.

गोळीत काही नसताना बरं वाटतं, मग ते मनाचे खेळ म्हणायचे का?

मनाचे खेळ म्हणजे खोटं असं धरलं तर नाही. १९७८ साली दाढ काढलेल्या पेशंटांवर झालेला एक प्रयोग बघा. औषध नसलेलं इंजेक्शन देऊन काहींचं दुखणं कमी झालं. मग नॅलोक्सोन दिलं, हे मॉर्फिनसारख्या पदार्थांचा परिणाम अडवतं, आणि त्यांचं दुखणं परत वाढलं. म्हणजे आता बरं वाटणार या अंदाजावर मेंदूने स्वतःची वेदनाशामकं खरोखर सोडली होती. याने दुखणं, मळमळ अशा गोष्टींत फरक पडतो, गाठ विरघळत नाही आणि जंतू मरत नाहीत, तेव्हा कोणी तसं विकत असेल तर उठून या.

झोप कमी झाली की मी वेगळाच माणूस होतो, हे नॉर्मल आहे का?

हो. २००७ च्या एका अभ्यासात रात्रभर जागं ठेवलेल्या लोकांना वाईट चित्रं दाखवली तर त्यांचा अमिग्डाला झोपलेल्यांपेक्षा साधारण ६० टक्के जास्त भडकला, आणि कपाळामागच्या भागाशी त्याचा संपर्क सैल झाला होता. आपण जागे असतो तोपर्यंत मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि त्याने डोळे जड होतात, कॉफी ते काढून टाकत नाही, फक्त त्याच्या खुर्चीत जाऊन बसते. कॅफिनचा निम्मा भाग अंगातून जायलाच पाच तासांच्या आसपास लागतात, तेव्हा सहाच्या कॉफीतली अर्धी अकराला पण तुमच्याबरोबर जागी असते. ज्याला झोप येत नाही म्हणून माझ्याकडे तक्रार करतो त्याला मी आधी कॉफीचं टायमिंग विचारते, आणि तो आधी चिडतो.

मला तो प्रसंग लख्ख आठवतो, मग माझी आठवण चुकीची कशी असेल?

लख्ख आणि खरी यांचा संबंध वाटतो तेवढा घट्ट नाही. एलिझाबेथ लोफ्टस यांनी १९७४ साली लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली, मग काहींना विचारलं गाड्या एकमेकींवर "आदळल्या" तेव्हा वेग किती होता, काहींना "धडकल्या" असं साधं विचारलं. नुसत्या क्रियापदाने वेगाचा आकडा वाढला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? भारी शब्द ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, साध्या शब्दवाल्यांत ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. भावंडांची "त्या दिवशी नक्की काय झालं" वरून भांडणं होतात त्यात दोघंही प्रामाणिक असू शकतात ते यामुळे.

घरातल्या माणसाचा स्वभाव अचानक बदललाय, काय करू?

आधी वाद घालणं थांबवा आणि कधीपासून बदललाय ते लिहून काढा, तारीख, नवीन औषध, ताप, पडणं, झोप. वयस्कर माणूस एक-दोन दिवसांत भलतंच बोलायला लागला, माणसं ओळखेना, तर लघवीच्या इन्फेक्शनसारखं साधं कारण पण निघू शकतं. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, औषधांचे साइड इफेक्ट यांनी पण माणूस चिडका किंवा सुस्त होतो आणि हे सगळं तपासता येतं. पन्नाशी-साठीत हळूहळू लाजलज्जा सुटणं, आपल्या माणसांबद्दल काहीच न वाटणं, असं दिसलं तर कपाळामागच्या भागाचा एक डिमेन्शिया (मेंदू हळूहळू झिजत जाण्याचा आजार) असतो, त्यात स्मरणशक्ती सुरुवातीला चांगली असते म्हणून घरचे "मुद्दाम करतोय" असंच धरून बसतात, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.

आणि चेहरा एका बाजूने ओघळला, हात उचलत नाहीये, बोलणं अडखळतंय, यातलं एक जरी अचानक झालं तर हे पान बंद करा आणि अॅम्ब्युलन्स बोलवा, लक्षणं सुरू झाली ती वेळ घड्याळात बघून ठेवा, हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा तेच विचारतात.